खणखणीत आणि बद्द

माणसाचा स्वभाव ओळखायचा असेल तर त्याची पत्रिका पाहू नये, त्याला कलिंगड घ्यायला पाठवावं. आंबा घेताना माणूस वास घेतो, केळी घेताना डझनाचा भाव विचारतो, द्राक्षं घेताना एक तोंडात टाकून 'आंबट आहेत' म्हणतो आणि पुढच्या गाडीवर जाऊन दुसरं तोंडात टाकतो. या सगळ्या व्यवहारांत त्याच्या हाती थोडाफार पुरावा असतो. कलिंगडाच्या बाबतीत तो नाही. बाहेरून सगळी हिरवी, सगळी गोल आणि सगळी गप्प. आत काय आहे ते सुरी चालवल्याशिवाय कळत नाही आणि सुरी चालली की व्यवहार पुरा झाला. लग्न ठरवण्याआधी निदान कांदेपोहे तरी मिळतात. इथं तेही नाहीत.

कलिंगड घेणाऱ्यांचे ढोबळ मानानं तीन वर्ग पडतात. पहिला श्रद्धावान. तो गाडीपाशी उभा राहून 'तूच दे रे बाबा चांगलंसं' असं म्हणतो आणि भार देवावर व गाडीवाल्यावर सारखा वाटून टाकतो. दुसरा संशयी. वरची सगळी कलिंगडं गाडीवाल्यानं मुद्दाम वर ठेवली आहेत अशी त्याची खात्री असते. म्हणून त्याला तळातलंच लागतं. ढीग कोसळला तरी चालेल. तिसरा वर्ग वाजवणाऱ्यांचा, आणि हाच सर्वांत मोठा. नोकरीतल्या बदल्यांच्या कृपेनं मी तीन-चार गावांचे बाजार पाहिले आहेत. न वाजवता कलिंगड घेणारा माणूस मला क्वचितच दिसला. आणि वाजवल्यावर नेमकं काय ऐकलंत असं विचारलं तर सांगू शकणारा माणूस त्याहून क्वचित. देवळात शिरताना घंटा वाजवतात त्यातलाच हा प्रकार. वाजवायची असते म्हणून वाजवायची. उत्तराची अपेक्षा नाही.

काय ऐकायचं ते मला आमच्या शाखेतल्या हेड कॅशियरांनी शिकवलं. आता ते निवृत्त झाले आहेत. पण त्या काळी उन्हाळा लागला की संध्याकाळी बँक सुटल्यावर निम्मा स्टाफ त्यांच्या मागून मंडईत जाई. त्यांचे वडील सराफाच्या पेढीवर कारकून होते. राणीछाप चांदीचा रुपया दगडी पायरीवर टाकायचा आणि आवाज ऐकायचा, ही परीक्षा हेड कॅशियरांनी लहानपणी पाहिलेली. खणखणीत वाजला की खरा, बद्द वाजला की खोटा. ही कसोटी आपल्या भाषेत इतकी मुरली आहे की चांगल्या माणसालाही आपण खणखणीत नाणं म्हणतो.

"कलिंगडाचं सगळं उलटं," हेड कॅशियर सांगत. "खणखणीत वाजलं की कच्चं. बद्द वाजलं की पिकलेलं. बँकेतले कान घरी ठेवून यायचं, मग वाजवायचं."

हे नुसतं अनुभवाचं बोलणं नाही, त्याला शास्त्राचाही आधार आहे. कच्च्या फळाचा गर घट्ट आणि ताणलेला असतो, त्यामुळे थाप मारली की आवाज चढा येतो. फळ पिकतं तसा गर सैलावतो आणि आवाजाची पट्टी खाली उतरते. प्रयोगशाळांत यंत्रं लावून हे मोजलेलं आहे. फार पिकून उतरलेल्या फळाचा आवाज आणखी खाली जातो, ओल्या पोत्यावर हात मारल्यासारखा. म्हणजे आवाज तीन, आणि आपल्याला हवा तो मधला. मात्र एक लक्षात ठेवायचं. आवाजातून गराचा पोत कळतो, साखर कळत नाही. पोत उत्तम आणि चव पाण्यासारखी, असंही कलिंगड निघू शकतं. तेव्हा कानाच्या जोडीला डोळा आणि हातही लागतो. फळाचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो तिथं एक डाग राहतो. तो पांढरट असेल तर फळ घाईनं तोडलेलं, आणि लोण्यासारखा पिवळा असेल तर वेलावर पुरते दिवस काढलेलं. सारख्या आकाराची दोन फळं असली तर जड असेल ते घ्यावं. साल काचेसारखी चकाकत असेल तर जरा थांबावं. पिकत आलेल्या कलिंगडाची चमक कमी होते. कलिंगडाच्या बाबतीत तुकतुकीत कांतीवर जाऊ नये. (इतर बाबतींत वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर ठरवावं.)

या सगळ्या परीक्षा आपण करतो खऱ्या, पण त्या फार उशिरा करतो. कैरी आढीत घालून तिचा आंबा करता येतो. कलिंगडाला आढी नाही. वेलावरून तुटलं त्या क्षणी त्याच्या साखरेचं खातं बंद होतं. पुढं त्यात एक पैसाही जमा होत नाही. घरी आणून चार दिवस पलंगाखाली ठेवलं तर थंड होईल, गोड होणार नाही. खरी निवड शेतात झालेली असते. शेतकरी वाकून फळाच्या देठाजवळचा दोऱ्यासारखा पिळदार तणावा पाहतो. तो वाळला असेल तर फळ तोडायचं, हिरवा असेल तर राहू द्यायचं. बाजारात आपण छाती काढून जे निवडतो ते निवडलेल्यांतून निवडतो. आमच्याकडं खालून तपासून आलेल्या कागदावर साहेब सही करतात, तसं.

आणि त्या शेतकऱ्याच्या हातात तरी वाजवण्याजोगं फळ आलं कुठून? हा प्रश्न एकदा मनात आला आणि मी कॉमर्सचा पदवीधर असूनही इतिहासाच्या मागे लागलो. कॉमर्सच्या माणसाला कोणत्याही रकमेमागची मूळ नोंद पाहिल्याशिवाय झोप येत नाही.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनऱ्यानं आपल्या आफ्रिकेतल्या प्रवासांचं पुस्तक १८५७ साली छापलं. त्यात कलहारीच्या वाळवंटाचं एक वर्णन आहे. एखाद्या वर्षी पाऊस नेहमीपेक्षा जास्त झाला की मैलच्या मैल जमीन रानटी कलिंगडांच्या वेलांनी झाकून जाते. मग माणसं तर खातातच; पण हत्ती, गेंडे, हरणं, उंदीर एवढंच नव्हे तर सिंहसुद्धा कलिंगड खातात. सिंह कलिंगड खातो हे वाचल्यापासून आमच्या घरी उपासाला फळं खाणाऱ्यांची पत वाढली आहे. पण मला महत्त्वाची वाटली ती पुढची ओळ. या रानटी फळांतली काही गोड असत, काही जहर कडू, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसत. तिथले लोक मग कुऱ्हाडीनं एकेका फळाला खाच पाडत आणि खाचेला जीभ लावून पाहत. आपला गाडीवाला सुरीनं त्रिकोणी खाप काढून, ती टोकावर धरून 'बघा साहेब, लालभडक' म्हणतो, तो धंदा असा प्राचीन आहे. फरक इतकाच की कलहारीत पाहणाराच चाखत असे.

अशा वर्णनांमुळे कलिंगडाचं माहेर कलहारी, असं पुष्कळ दिवस मानलं गेलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासानं बोट दाखवलं ते आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाकडं, सुदानकडं. तिथल्या कोर्दोफान भागातलं, पांढऱ्या गराचं आणि कडू नसलेलं एक फळ आपल्या कलिंगडाचं सर्वांत जवळचं नातलग ठरलं. लगेच पुढच्या वर्षी, २०२२ साली, आणखी एक अभ्यास आला. लिबियात आणि सुदानात उत्खननांत सापडलेल्या जुन्या बियांचा तो होता. त्यांतल्या काही ६००० वर्षांपर्यंत जुन्या. लिबियातल्या सर्वांत जुन्या बिया निघाल्या त्या कडू गराच्या फळाच्या. म्हणजे त्या काळी लोक खात असणार ते बहुधा बी, गर नव्हे. आपण गर खाऊन बिया थुंकतो; त्या गृहस्थांनी गर टाकून बिया खाल्ल्या. कलिंगड तेच, बाजू जमेची की खर्चाची एवढाच प्रश्न.

इजिप्तमध्ये मात्र मामला पुढं गेलेला दिसतो. ४००० वर्षांहून जुन्या एका थडग्यातल्या चित्रात तबकात फळं मांडली आहेत आणि त्यांत एक लांबट, पट्ट्यापट्ट्यांचं फळ आहे. शिजवून खायची वस्तू असती तर ती तबकात आली नसती. दुध्या भोपळा कोणी पाहुण्यांपुढं फळ म्हणून ठेवत नाही. हॉवर्ड कार्टर यानं १९२२ साली तुतनखामेन राजाची कबर उघडली. तीत सोनं-नाणं, रथ, पलंग यांबरोबर कलिंगडाच्या बियाही होत्या, सुमारे ३३०० वर्षं टोपल्यांत जपलेल्या. एवढं मोठं सेफ डिपॉझिट माझ्या ऐकिवात नाही.

राजाबरोबर कलिंगड का, याचं उत्तर सोपं असावं. कलिंगडात शंभरातले ब्याण्णव भाग पाणी. उन्हाळ्याच्या मुलखात तोडून सावलीला ठेवलं तर ते आठवडेच्या आठवडे टिकतं. म्हणजे वाळवंटात सोयीस्कर अशी एक घागर, आणि तीही बिनफुटकी. मोठ्या प्रवासाला निघालेल्या माणसाला आपण तिकीट नंतर देतो, आधी पाण्याची बाटली देतो. राजाचा प्रवास तर फारच लांबचा होता.

पण त्या राजाचं नाव आपल्याला पाठ आहे आणि कडू घागरीची गोड घागर करणाऱ्याचं नाव कुठंही कोरलेलं नाही. कोणीतरी वीस फळं चाखली असतील, त्यांतलं एक बरं लागलं असेल, आणि त्यानं किंवा तिनं त्या एकाच्या बिया वेगळ्या काढून पुढच्या हंगामाला लावल्या असतील. पुढं त्या पिकातून पुन्हा एक. असा हा हिशेब शेकडो पिढ्या चालला. आपण गाडीपाशी पाच मिनिटं करतो ते काम त्यांनी चार-पाच हजार वर्षं केलं.

मग कलिंगड जग फिरायला निघालं. त्याची वाट शोधायची तर त्याची नावं पाहावीत. चिनी लोक त्याला 'शीग्वा' म्हणतात, म्हणजे पश्चिमेकडचं फळ. जगातल्या एकूण कलिंगडांपैकी निम्म्याहून अधिक आज एकटा चीन पिकवतो, पण नाव पश्चिमेचंच. इराणात त्याला 'हिंदवाने' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानातलं. हंगेरीत त्याचं नाव ग्रीक खरबूज या अर्थाचं आहे. आणि आपण? संस्कृतात या फळाला कालिंद म्हणत, कालिंगही म्हणत. कालिंगचा सरळ अर्थ कलिंग देशचं, म्हणजे आजच्या ओडिशाकडलं. आपलं कलिंगड तिकडून येतं. विदर्भात टरबूज म्हणतात. ते नाव फारसीतून आलं, त्या इराणी भाषेतून, जिच्यात हे फळ आता आपल्या नावावर आहे!

हे मला एखाद्या फार हातांतून गेलेल्या चेकसारखं वाटतं. पूर्वी चेकच्या पाठीवर एकाखाली एक सह्या करून तो पुढं देत. कलिंगडाच्या बाबतीत प्रत्येकानं शेवटची सही तेवढी वाचली आणि ज्याच्याकडून मिळालं त्याचं नाव फळाला दिलं. मूळ खातेदार बसला होता आफ्रिकेत. त्याचं नाव कोणीच घेतलं नाही.

प्रत्येक मुक्कामावर निवड चालूच होती. रोमन लेखक प्लिनी या जातीच्या फळाला खाण्यातलं सर्वांत थंडावा देणारं म्हणतो, पण गोडीबद्दल त्याची तारीफ नाही. चौदाव्या शतकात इटलीत आरोग्यावरच्या एका ग्रंथाच्या सचित्र प्रती तयार झाल्या. त्यांतल्या चित्रात कलिंगड चिरलेलं आहे आणि ते लाल आहे. पुढं सतराव्या शतकात जोव्हानी स्तांकी नावाच्या इटालियन चित्रकारानं फळांचं एक चित्र काढलं. त्यात कापलेलं कलिंगड आहे. पण आत फिकट गुलाबी गर आणि पांढऱ्या भिंतींची सहा भोवरेदार दालनं. त्या काळची कलिंगडं अशीच असत, असं एक मत. दुसरं मत असं, की हे फळ कच्चं किंवा आतून पोकळ निघालेलं होतं. दुसरं मत खरं असेल तर मला त्या चित्रकाराबद्दल आदर वाटतो. घरी आणलेलं कलिंगड पांढरं निघाल्यावर आपण फार तर गाडीवाल्याच्या नावानं बोटं मोडतो. यानं त्याचं चित्र काढून विकलं.

आपल्याकडच्या इतिहासात फळासाठी रडलेला माणूस म्हणजे बाबर. १५२६ साली पानिपत जिंकलं, दिल्ली-आग्रा हाती आलं, आणि या गृहस्थाची तक्रार काय, तर इथं चांगली खरबुजं मिळत नाहीत. द्राक्षं नाहीत, बर्फ नाही, हेही होतंच. १५२९ साली त्यानं काबूलच्या आपल्या जुन्या सरदाराला पत्र लिहिलं. कोणीतरी खरबूज आणलं, ते कापून खाताना आपल्याला रडू आलं, असं त्यात त्यानं कळवलं आहे. हे खरबूज म्हणजे कलिंगडाचा चुलतभाऊ. कूळ एक, घर वेगळं. पण बदलीच्या गावी राहिलेल्या कोणालाही हे पत्र समजेल. बढती मिळालेली असते, क्वार्टर्स मोठ्या असतात, आणि संध्याकाळी गावाकडचं काहीतरी पानात पडलं की घास अडतो. बाबर मात्र रडून थांबला नाही. त्यानं बाल्खहून एक जाणता वाडीवाला आणवला, आग्र्याच्या बागेत खरबुजं लावली आणि ती चांगली आल्यावर मोठ्या समाधानानं तशी नोंद केली. साम्राज्याच्या इतर नोंदींत ही मला सर्वांत विश्वासार्ह वाटते.

विसाव्या शतकात निवडीचं काम शेतातून प्रयोगशाळेत गेलं. अमेरिकेत १९५४ साली 'चार्ल्स्टन ग्रे' ही रोगाला दाद न देणारी जात आली. जपानमध्ये हितोशी किहारा या शास्त्रज्ञानं बिनबियांचं कलिंगड तयार केलं आणि १९५१ साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होतं, ते काम उत्तम करतं, पण त्याचा वंश पुढं चालत नाही. हे कलिंगडही तसंच. दरसाल आईबाप वेगळे वाढवायचे, संकर करायचा, तेव्हा कुठं पुढचं बी. त्याच जपानात झेन्त्सुजी गावी १९७० च्या दशकात फळ लहान असताना पेटीत घालून चौकोनी कलिंगडं काढायला सुरुवात झाली. आमच्या लॉकरच्या दृष्टीनं हा आकार फार सोयीचा. पण ती बहुतेक पिकण्याआधीच काढतात आणि दुकानात शोभेला ठेवतात. खायच्या कामाची नसतात. म्हणजे निवडण्याचा प्रश्नच मिटला! होक्काइडो बेटावर काळ्या सालीचं एक कलिंगड २००८ साली लिलावात ६,५०,००० येनना गेलं. ते घेणाऱ्यानं वाजवून पाहिलं की नाही, हे जाणून घ्यायची मला फार उत्सुकता आहे.

इथवर सगळा जमाखर्च जुळतो. पण या हिशेबातली मेख काय आहे, ते गोव्यातल्या एका गोष्टीत कळतं. मनोहर पर्रीकर ती सांगत. गोव्याचे मुख्यमंत्री आणि २०१४ ते २०१७ या काळात देशाचे संरक्षणमंत्री राहिलेले पर्रीकर मूळ बार्देशातल्या पर्रा गावचे, आणि पर्रा गाव कलिंगडांबद्दल नावाजलेलं. ते सांगत की त्यांच्या लहानपणी मे महिन्यात हंगाम संपला की एक शेतकरी गावातल्या पोरांना बोलावी आणि कलिंगडं खायची शर्यत लावी. वाटेल तेवढी खा, पैसे नकोत. अट एकच, बी चावायची नाही. ती भांड्यात थुंकायची. आणि पोरांपुढं तो ठेवी ती आपली सर्वांत मोठी, सर्वांत चांगली फळं.

पुढं पर्रीकर मुंबईला आयआयटीत शिकायला गेले. काही वर्षांनी परतले तेव्हा पर्र्याच्या बाजारातली ती कलिंगडं नाहीशी झाली होती. चौकशी केली तर शेती आता मुलाच्या हाती गेलेली. मुलगा व्यवहारी. मोठ्या फळाला बाजारात दाम चांगला येतो, मग ते पोरांना फुकट का घाला? त्यानं मोठी विकली आणि शर्यतीला लहान ठेवली. बी राहिलं लहानांचं. पुढच्या साली फळं लहान झाली, त्यांच्या पुढच्या साली आणखी लहान. कलिंगडाची पिढी एका वर्षाची. सात वर्षांत पर्र्याचं कलिंगड संपलं.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर बापानं मुद्दल जपलं होतं आणि पोरांना मेजवानी दिली ती व्याजातून. पोरं तर बिनपगारी बी काढून देत होती! मुलाला वाटलं बाप उधळ्या आहे, म्हणून त्यानं मेजवानी आटोपशीर केली आणि मुद्दल बाजारात विकलं. वहीत दरसाल नफा दिसला असेल. असे ताळेबंद मी काउंटरच्या या बाजूनं पाहिले आहेत. नफा वाढत असतो, खातेदार खुशीत असतो, आणि एक दिवस खात्यात काहीच नसतं.

मुलाला बोल लावणं सोपं आहे. पण कर्जाचा हप्ता दारात उभा असताना उत्तम फळ विकायचं नाही आणि बी म्हणून ठेवायचं, याला काय छाती लागत असेल, ते पगारदार माणसाला कळायचं नाही. कोकणात भात निघाल्यावर त्याच जमिनीत कलिंगड लावतात. नद्यांचं पाणी ओसरलं की वाळूत खड्डे घेऊन वाड्या करतात. पूर्वी तिथं बी घरचं असे. बघून ठेवलेल्या फळाचं बी काढायचं, राखेत घोळायचं, वाळवायचं आणि पुरचुंडी आढ्याला टांगायची. आता बहुतेक ठिकाणी संकरित बियाण्याचं पाकीट येतं. त्यातून एकसारखी फळं निघतात, सालं घट्ट असल्यानं ट्रकमधून लांब जातात, गोडीही चांगली. शेतकऱ्याला ते परवडतं आणि आपल्याला एप्रिलची वाट न पाहता कलिंगड मिळतं. फक्त त्या फळाचं बी लावलं तर पुढची फळं आईबापांवर जातील याचा भरवसा नाही; दरसाल नवं पाकीट घ्यावं लागतं. म्हणजे मुद्दल गेलं कंपनीच्या तिजोरीत आणि शेतकऱ्याच्या हाती राहिलं चालू खातं. तिजोरी भक्कम असेलही. पण हजारो वर्षं ज्या खात्याचे लाखो खातेदार होते ते आता मोजक्या नावांवर आहे, ही गोष्ट कोणाही बँकवाल्याला बेचैन करील.

तरीही कलिंगड खायचं ते चेहरा पाडून खाऊ नये. आमच्याकडं ते दुपारी आणून बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि रात्री जेवणानंतर तासाभरानं कापतात. सर्वांत गोड असतो तो मधला गाभा, आणि घराघरांतली भांडणं त्याच्यावरूनच होतात. आडव्या चकत्या केल्या तर मधल्या चकत्या ज्याच्या वाट्याला येतील तो जिंकला. सौ. ती देठापासून टोकापर्यंत उभी कापते, म्हणजे प्रत्येक फोडीला गाभ्याची एक कड येते. लाभांशाची इतकी न्याय्य वाटणी मी कुठल्या कंपनीत पाहिली नाही. फोडीवर सैंधवाची चिमूट टाकावी. काटा-चमचा वापरू नये. फोड दोन्ही हातांत धरून तोंड मध्यावर न्यावं आणि रस कोपरापर्यंत ओघळू द्यावा. दुसऱ्या दिवशी सालीच्या आतल्या पांढऱ्या भागाची भाजी किंवा थालीपीठ. जोडीला बियांची वाटी उरते.

ती वाटी मी टाकू देत नाही. फळ खरंच चांगलं निघालं असेल तर बिया धुऊन गच्चीवर वाळवतो आणि बँकेच्या जुन्या पाकिटात घालून वर तारीख लिहितो. ही सवय हेड कॅशियरांची. त्यांच्या कपाटात अशी पाकिटं वर्षवार लावलेली आहेत, प्रत्येकावर गावाचं नाव आणि खाली बारीक सही. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांतल्या चार बिया मागून आणल्या आणि गच्चीवरच्या कुंडीत लावल्या. वेल पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोन नोटिसा लावल्या. अखेर मोसंबीएवढं एकच फळ धरलं. हेड कॅशियर ते पाहायला तीन जिने चढून आले. दम खाल्ला, चश्मा पुसला, वाकून फळाला बोटानं टिचकी मारली आणि कान जवळ नेला.

"खणखणीत आहे हो!" ते म्हणाले.

नाण्याच्या हिशेबानं की कलिंगडाच्या, ते मी विचारलं नाही.